कारखान्याच्या गेटाआत काय विकायचं?

२०२५ या एकाच वर्षात दोन मोठ्या क्लाउड कंपन्यांनी आपलं एकसारखंच दुकान आवरलं. मे महिन्यात अ‍ॅमेझॉनने ‘एडब्ल्यूएस प्रायव्हेट ५जी’ ही सेवा थांबवली आणि सप्टेंबरअखेर मायक्रोसॉफ्टने ‘अझ्युर प्रायव्हेट ५जी कोअर’ बंद केलं. आपल्याकडे अदानी समूहाने २०२२ च्या लिलावात २१२ कोटी रुपये मोजून २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला ४०० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम घेतला होता. बंदरं, विमानतळ अशा स्वतःच्या आस्थापनांसाठी खासगी जाळं उभारायचा तो बेत होता. तोही स्पेक्ट्रम एअरटेलच्या हवाली करण्याचा करार २०२५ मध्येच झाला.

यातून कोणी म्हणेल की या धंद्यात दम नाही. मला तसं वाटत नाही. आवारात अँटेना बसवणं, सिम वाटणं, मेलेलं रेडिओ युनिट रात्री तीन वाजता बदलणं ही कामं सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या हिशेबात बसत नाहीत. ती टेलिकॉम कंपनीची रोजची कामं आहेत. बाकीचे बाजूला झाल्यामुळे प्रायव्हेट एजमध्ये टेलिकॉमसाठी जागा मोकळी झाली आहे, पण लीज्ड लाइन विकायच्या जुन्या पद्धतीने ती भरून निघणार नाही. टेलिकॉम कंपनीच्या एंटरप्राइझ विभागात असाल किंवा तिच्यासोबत काम करणारे सिस्टिम इंटिग्रेटर असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. प्रायव्हेट एज म्हणजे ग्राहकाच्या आवारातच, किंवा त्याच्या अगदी जवळ, त्याच्या एकट्याच्या कामासाठी ठेवलेला सर्व्हर आणि त्याला यंत्रांशी, कॅमेऱ्यांशी जोडणारं जाळं. जाळं ५जीचं असेल तर डेटाची प्रत्यक्ष वाहतूक करणारा घटक, म्हणजे यूपीएफ, तिथेच बसवता येतो. मोबाइल जाळ्याचं नियंत्रण आणि डेटाची वाहतूक यांची फारकत ३जीपीपीच्या रिलीज १४ मध्ये झाली आणि ५जीची रचनाच तिच्यावर उभी राहिली, म्हणून हे शक्य झालं. नियंत्रण मुंबईत राहू शकतं आणि डेटा चाकणच्या गेटाबाहेर पाऊल टाकत नाही. या सोयीत एक खोच आहे, ती पुढे सांगतो.

मिलिसेकंदांचा मोह

एजवरचं जवळपास प्रत्येक सादरीकरण ‘लो लेटन्सी’च्या स्लाइडने सुरू होतं. महाराष्ट्रातल्या ग्राहकासमोर ही स्लाइड सर्वांत दुबळी ठरते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. चाकण ते मुंबई केबलचा मार्ग वळणावळणाचा धरून २०० किलोमीटर मानला, तर जाऊन-येऊन २ मिलिसेकंद होतात. मधले राउटर, फायरवॉल यांची भर पडली तरी आकडा फार फुगत नाही. एडब्ल्यूएसचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे आणि मायक्रोसॉफ्टचं तर २०१५ पासून खुद्द पुण्यात आहे. ३० फ्रेमचा कॅमेरा दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद घेतो, त्यापुढे ही बचत कितीशी? ग्राहकाच्या आयटी विभागातला चुणचुणीत माणूस हा हिशेब कागदावर मांडेल आणि तुमची पहिली बैठक तिथेच संपेल. गडचिरोलीतल्या खाणीत किंवा समुद्रातल्या तेलफलाटावर हे गणित वेगळं येईल. पुणे-मुंबई पट्ट्यात ते तुमच्या बाजूने येत नाही.

मग विकायला काय उरतं? बरंच काही उरतं, आणि ते मिलिसेकंदांपेक्षा जास्त मोलाचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे केबल. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली आणि दुपारपर्यंत लाइन बंद राहिली, हा अनुभव एमआयडीसीत नवा नाही. दोन कंपन्यांकडून दोन लाइन घेतल्या तरी पुष्कळदा दोन्ही केबल एकाच चरातून आलेल्या असतात आणि ते तुटल्यावर कळतं. तपासणीचा प्रोग्राम क्लाउडवर असेल तर केबलसोबत तपासणीही थांबते. आवारातल्या सर्व्हरवर असेल तर ती चालू राहते. प्लांट हेडला हे सांगायला स्लाइड लागत नाही. डीजी सेटवरचा परतावा किती वर्षांत मिळेल असं तो कधी विचारत नाही, आणि एजचा सर्व्हर त्याच्या मनात त्याच रांगेत बसला पाहिजे. सरासरी ५ मिलिसेकंद आहेत की १०, याने त्याची झोप उडत नाही. महिन्यातून एकदा अचानक उगवणारे ८०० मिलिसेकंद आणि वर्षातून एकदा गेलेली अख्खी शिफ्ट यांनी ती उडते.

आता ती खोच. नियंत्रण मुंबईत ठेवून फक्त यूपीएफ चाकणला बसवला आणि लिंक तुटली, तर आधीपासून जोडलेली उपकरणं काही काळ चालतील. शिफ्ट बदलल्यावर नव्या माणसाने सुरू केलेला हँडहेल्ड स्कॅनर मात्र जाळ्यावर येणार नाही, कारण त्याची ओळख पटवणारा भागच तुटलेल्या केबलच्या पलीकडे आहे. ‘आमचं एज स्वतंत्र चालतं’ असं छातीठोक सांगण्याआधी तुमच्या रचनेत नियंत्रणाची निदान एक प्रत आवारात आहे का, ते पाहा. आणि ग्राहकासमोर केबल खरोखर उपटून दाखवा. दुसरं कोणतंही सादरीकरण याच्या जवळपास पोचत नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यांची. सुरक्षेचा साधा एचडी कॅमेरा साधारण ४ मेगाबिट वेगाने चित्र पाठवतो असं धरा. १०० कॅमेरे म्हणजे अखंड ४०० मेगाबिट, दिवसाला ४.३ टेराबाइट. गुणवत्ता तपासणीचा कॅमेरा याहून खादाड असतो. ५० लाख पिक्सेल, प्रत्येकाला एक बाइट, सेकंदाला ३० चित्रं, कॉम्प्रेशन नाही, की एकाच कॅमेऱ्याचे १.२ गिगाबिट झाले. १ गिगाबिटची महागडी लीज्ड लाइन त्या एका कॅमेऱ्यालाही पुरत नाही. हे सगळं क्लाउडवर नेऊन ‘पार्ट ठीक’ एवढे दोन शब्द परत आणण्यात अर्थ नाही. निकाल जागेवर लावा आणि फक्त सदोष पार्टचे फोटो वर पाठवा.

हेच वायरलेसने करायचं झालं तर आणखी एक अडचण येते. मोबाइल जाळं डाउनलोडला झुकतं माप देतं, कारण आपण सगळे व्हिडिओ पाहतो. कारखान्यातले कॅमेरे व्हिडिओ पाठवतात. खासगी जाळ्यात हे माप उलटं करता येतं, पण त्याच पट्ट्यातल्या शेजारच्या टॉवरशी वेळेचा मेळ बिघडला तर दोघांनाही त्रास होतो. म्हणून रेडिओ नियोजन करणारा माणूस विक्रीच्या पहिल्या भेटीपासून सोबत असावा. पीओ आल्यावर त्याला बोलावलं तर उशीर झालेला असतो.

तिसरी गोष्ट, डेटा गेटाआत राहणं. हिच्यावर फार बोलायला नको. ज्याला हवी तो स्वतःच मागतो. संरक्षण उत्पादन, औषधनिर्मिती, आणि परदेशी ग्राहकासाठी पार्ट बनवताना ज्याच्या करारात गुप्ततेचं कलम आहे असा वेंडर, यांच्याकडे याच मुद्द्याने सुरुवात करा.

चाकणच्या महिंद्राच्या कारखान्याचं उदाहरण या सगळ्याकडे पाहायला उपयोगी आहे. २०२२ च्या अखेरीस एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी तिथे ५जी जाळं उभारल्याचं जाहीर केलं. त्यात पुढे आलेले उपयोग कोणते होते? तयार गाडीत सॉफ्टवेअर भरण्याचं काम एकाच वेळी अनेक गाड्यांवर करणं आणि पेंटची संगणकाच्या डोळ्यांनी तपासणी. उड्या मारणारे यंत्रमानव त्यात नाहीत. केबल जोडत फिरण्याचा वेळ वाचला, गाडी लवकर बाहेर पडली, असा हा साधा, मोजता येणारा फायदा आहे. तुमच्या प्रस्तावातही असलाच एखादा रुक्ष उपयोग सर्वांत वर ठेवा.

गिऱ्हाईक कोण, आणि कोण नाही

मोठ्या वाहन कंपन्यांच्या दारात सगळेच उभे असतात. तिथे निर्णयाला वर्ष लागतं आणि भाव पाडून मागितला जातो. तरी एक-दोन अशी कामं नावासाठी हवीतच.

मला जास्त रस आहे तो त्यांच्या वेंडर कंपन्यांत. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज या पट्ट्यांतल्या मध्यम कारखान्यांकडे स्वतःचा सर्व्हर सांभाळायला माणूस नाही, वातानुकूलित खोली नाही. वरच्या कंपनीकडून मात्र प्रत्येक पार्टच्या तपासणीची नोंद मागितली जाऊ लागली आहे. अशा वीस-पंचवीस कारखान्यांसाठी जवळच्या टेलिकॉम इमारतीत एज उभारून प्रत्येकाला स्वतंत्र, कुलूपबंद वाटा देता येतो. केबल तिथूनच निघते, बॅटरी बॅकअप असतो, देखभालीची माणसं फिरत असतात. एअरटेलने २०२२ मध्ये आयबीएमसोबत अशाच धर्तीची घोषणा केली होती. २० शहरांतली १२० नेटवर्क डेटा सेंटर एजसाठी वापरायची आणि मारुती सुझुकीच्या कारखान्यातलं काम त्यातून सुरू करायचं, असा तो आराखडा होता.

पण स्वतःच्या इमारतीकडे नीट डोळे उघडून पाहा. टेलिकॉमचं सामान उणे ४८ व्होल्ट डीसीवर चालतं, बाजारातले बहुतेक सर्व्हर एसी मागतात. जीपीयू भरलेला रॅक जेवढी वीज खातो आणि जेवढी उष्णता फेकतो, तेवढ्याचा विचार जुन्या एक्स्चेंजची खोली बांधताना कुणी केलेला नव्हता. ‘जागा आहे’ आणि ‘वापरता येईल अशी जागा आहे’ यांतला खर्च आधी काढा.

बंदर हे चांगलं गिऱ्हाईक आहे, कारण तिथे लोखंडी कंटेनरच्या भिंतींमध्ये वाय-फाय दम तोडतं आणि वाहनं सतत हलती असतात. अमेरिकेच्या व्हेरायझनने २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टन बंदरात नोकियाच्या सोबतीने खासगी ५जीचं काम मिळवलं. ब्रिटनमध्ये तिचं ग्राहकांसाठी मोबाइल जाळं नाही, तरीही. न्हावा-शेव्याच्या कामासाठी स्पर्धा फक्त आपल्या सर्कलमधल्या शेजाऱ्याशी असेल असं समजू नका.

रुग्णालयं पैसे हळू देतात, पण सीटी-एमआरआयच्या जड फाइलींमुळे आवारातला सर्व्हर त्यांना पटकन पटतो. साखर कारखान्यांबद्दल बरेच जण नाक मुरडतात, मला ते बरोबर वाटत नाही. उसाच्या गाड्यांची रांग, काट्यावरची नोंद, नंबरप्लेट वाचणं, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ पासून सक्तीचं केलेलं सांडपाणी-धुराचं ऑनलाइन मोजमाप, एवढं काम गळीत हंगामात एका छोट्या सर्व्हरवर भागतं. तिथे वर्षभराचं सारखं भाडं मात्र मागू नका. हंगामात पूर्ण, बंद काळात नाममात्र असं ठेवा, नाहीतर संचालक मंडळात प्रस्ताव अडकेल.

ज्यांना टाळावं ते म्हणजे ‘आम्हाला ५जी करून दाखवायचंय’ म्हणणारे. त्यांना बातमी हवी असते. आणि ज्यांची यंत्रं जागची हलत नाहीत, त्यांना सरळ केबल टाकून द्या. एज सर्व्हर केबलवरही चालतो, वाय-फायवरही चालतो. ५जीचा आग्रह धरून एजचं काम हातचं घालवण्यात शहाणपणा नाही. जुन्या पीएलसीत, यंत्रांत सिमची सोयच नसते. प्रत्येकाला बाहेरून राउटर लावावा लागतो आणि त्याची किंमत सुरुवातीच्या अंदाजात सहसा कोणी धरत नाही.

स्पेक्ट्रमची चार दारं

दूरसंचार विभागाने २७ जून २०२२ रोजी ‘कॅप्टिव्ह नॉन-पब्लिक नेटवर्क’च्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात उद्योगाला खासगी जाळ्यासाठी चार वाटा दिल्या आहेत. टेलिकॉम कंपनीने आपल्या सार्वजनिक जाळ्याचा एक वेगळा काप द्यावा. तिने आपला स्पेक्ट्रम वापरून आवारात स्वतंत्र जाळं उभारावं. उद्योगाने तिच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घ्यावा. किंवा उद्योगाने तो थेट सरकारकडून मिळवावा. स्वतःचं जाळं चालवण्याच्या परवान्याला ५० हजार रुपये अर्जशुल्क आहे, प्रवेशशुल्क आणि परवानाशुल्क नाही. थेट स्पेक्ट्रमच्या वाटेसाठी १०० कोटींहून जास्त नक्त मालमत्तेची अट आहे. या चौथ्या वाटेला टेलिकॉम कंपन्यांची संघटना पहिल्यापासून विरोध करत आली आहे.

तुमच्या दृष्टीने पहिल्या दोन वाटा कामाच्या, आणि त्यांतली निवड ग्राहकाच्या कामावरून ठरते. सगळं काही गेटाआत असेल तर स्वतंत्र जाळं द्या. माल ट्रकमध्ये भरल्यावर रस्त्यावरही त्याचा माग ठेवायचा असेल, तर सार्वजनिक जाळ्याचा काप उजवा ठरतो, कारण उद्योगाच्या स्वतःच्या बंदिस्त जाळ्याला सार्वजनिक जाळ्याशी जोडायची मुभा नाही. आत-बाहेर एकच सिम चालवणं ही फक्त टेलिकॉम कंपनीला जमणारी गोष्ट आहे, ती ठळक सांगा. भाडेपट्टीची तिसरी वाटही झिडकारू नका. मोठ्या समूहाला स्वतःचं जाळं हवंच असेल तर स्पेक्ट्रमचं भाडं आणि देखभाल तरी तुमच्याकडे राहील. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली परवानग्यांची सगळी चौकट नव्याने बांधली जाते आहे, म्हणून प्रत्येक प्रस्तावाआधी कायदा विभागाकडून ताजे नियम तपासून घ्या.

जीबीचं मीटर काढून ठेवा

टेलिकॉम कंपनीचा सगळा हिशेब जीबी आणि एमबीपीएसवर चालतो. प्रायव्हेट एजचा उद्देशच डेटा बाहेर न जाऊ देणं हा आहे. तुमचं काम जितकं चांगलं, तितकं तुमचं मीटर कमी फिरणार. ही विसंगती न सोडवता बाजारात उतरलेला विक्रेता नकळत ग्राहकाला जास्त डेटा बाहेर पाठवायला सांगू लागतो, आणि ग्राहकाला ते लगेच कळतं.

भाव कशाचा लावायचा? कॅमेऱ्यामागे, लाइनमागे किंवा गाडीमागे मासिक भाडं, आणि त्यात सर्व्हर, जाळं, देखभाल सगळं धरलेलं. बहुतेक मध्यम कारखान्यांना एकरकमी कॅपेक्स नको असतो. पण मग भांडवल तुमचं अडकणार, म्हणून तीन वर्षांहून कमी मुदतीचा करार करू नका.

भाडं किती, याचं उत्तर ग्राहकाच्या वहीत असतं. समजा लाइन तासभर थांबली की २ लाखांचं नुकसान होतं आणि जाळ्यामुळे वर्षात १० तास जातात. म्हणजे तुमच्या हातात २० लाखांची बचत आहे. वर्षाचं भाडं २५ लाख असेल तर एवढ्यावर सौदा बसत नाही. रिजेक्शन किती कमी होईल, तपासणीला बसलेली माणसं दुसऱ्या कामाला लागतील का, हे जोडावं लागेल. हे आकडे तुम्ही अंदाजाने घालू नका. कारखान्याच्या कॉस्टिंग विभागाकडून घ्या, त्यांच्याच कागदावर. वरिष्ठांसमोर बजेट मागताना तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

आणि सगळं स्वतः करण्याचा हट्ट सोडा. पेंटवरचा ओरखडा ओळखणारं सॉफ्टवेअर टेलिकॉम कंपनी लिहिणार नाही, तिने लिहूही नये. पुण्यात यंत्रदृष्टीवर काम करणाऱ्या लहान कंपन्या आहेत. त्यांच्याकडे चांगला माल आहे, पण रात्रपाळीला धावणारी माणसं आणि मोठ्या कारखान्याच्या वेंडर यादीत नाव नाही. ते तुमच्याकडे आहे. क्लाउड कंपन्यांशीही वैर धरू नका. एडब्ल्यूएसचं आउटपोस्ट्स, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर लोकल ही आवारात ठेवायची उत्पादनं चालूच आहेत आणि ग्राहकाच्या आयटीवाल्यांना ती ओळखीची आहेत. सर्व्हर त्यांचा असला तरी ज्याच्या नावाने बिल जातं आणि ज्याला फोन लागतो, गिऱ्हाईक त्याचंच राहतं.

पायलट आणि करार

फुकट पायलट देऊ नका. थोडे का होईना पैसे घ्या, म्हणजे ग्राहकाच्या बाजूने कोणीतरी उत्तरदायी राहतो. पायलट सुरू होण्याआधीच यशाचा आकडा लिहून घ्या: अमुक पार्टवर इतके दोष पकडले, इतक्या वेळा केबल काढूनही तपासणी थांबली नाही, तर पुढच्या लाइनची ऑर्डर. हे ठरलेलं नसलं की पायलट संपत नाही, त्याचं फक्त प्रदर्शन होतं. आणि आयटी मॅनेजरसोबत मेंटेनन्सवाल्यालाही पहिल्या दिवसापासून खोलीत घ्या. पीएलसीला कोण हात लावणार यावरून या दोघांचं जुनं भांडण असतं. ते तुम्ही मिटवू शकणार नाही, पण त्यात तुमचा प्रकल्प चिरडला जाऊ नये एवढं पाहायला हवं.

सेवेच्या हमीचा आकडा लिहिताना त्याचं घड्याळात भाषांतर करा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९ म्हणजे ५३ मिनिटं. हे तास शिफ्टमध्ये येतात की सुट्टीत, याला टक्क्यांपेक्षा जास्त किंमत आहे. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात देखभालीची वेळ गुरुवारी ठेवा. रविवार ठेवणारा माणूस तिथला नाही हे लगेच ओळखू येतं. नुकसानभरपाईला कमाल मर्यादा घालाच. लाइन थांबल्याचं पूर्ण नुकसान भरून द्यायचं कलम मान्य केलं, तर एका वाईट आठवड्यात तीन वर्षांचं भाडं जाईल.

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. आवारातल्या सर्व्हरच्या बाबतीत हे कोणी करायचं, ते नाव करारात हवं. कॅमेऱ्यात कामगारांचे चेहरे दिसत असतील तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या जबाबदाऱ्या कोणाकडे, हेही त्यातच लिहा.

शेवटचं कलम बाहेर पडण्याचं असू द्या. करार संपल्यावर सर्व्हर तुम्ही उचलून न्याल, पण डिस्क ग्राहकाच्या ताब्यात राहतील की त्याच्यासमोर नष्ट होतील? त्याच्या पार्टच्या फोटोंवर शिकवलेलं मॉडेल कोणाचं? तेच मॉडेल तुम्ही त्याच्या स्पर्धकाला विकू शकता का? मोठे ग्राहक हे विचारतातच. छोटे विचारत नाहीत, त्यांच्या करारात ते तुम्हीच आपणहून घाला.